मागच्या गल्लीचा हिशेब

इंदूरच्या पश्चिमेकडच्या जुन्या वसाहतींत घरांच्या दोन रांगांच्या पाठी एक अरुंद गल्ली सोडलेली असते. सगळे तिला बॅकलेन म्हणतात. एकेकाळी मागच्या दाराने मैला-कचरा उचलला जावा म्हणून ठेवलेली ही जागा. पुढे ड्रेनेजची लाइन तिथूनच गेली, घराघरांची अडगळ तिथेच पडू लागली. 2017 मध्ये शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, त्या सुमारास या गल्ल्यांचं नशीब पालटलं. भिंती रंगल्या, पेव्हर ब्लॉक बसले, कुठे कुठे मुलं बॅडमिंटन खेळू लागली. या प्रकरणातल्या गल्लीतही ब्लॉक बसले होते. दोन पावसाळ्यांत ते मधोमध खचले, आणि खळग्यात साठलेल्या पाण्याला वास येऊ लागला.

वसाहतीचं नाव देत नाही, वॉर्ड क्रमांकही नाही. शहरात 85 वॉर्ड आहेत, आणि माणसं एकमेकांना ओळखतात. निम्मी घरं मराठी. मंडळ जुनं: गणेशोत्सव, कोजागिरी, दिवाळी अंकांचं कपाट आणि दरवर्षी वक्तृत्व स्पर्धा. मंडळाच्या युवा शाखेसाठी ‘नेतृत्व शिबिर’ घ्या, असं अध्यक्ष काकांनी मला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं की वॉर्डातलं एकच काम निवडू आणि ते शेवटापर्यंत नेऊ. भाषणं नकोत, प्रमाणपत्रंही नकोत. काकांना ते फारसं रुचलं नाही. प्रमाणपत्राशिवाय आईवडील मुलांना पाठवणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यात तथ्य होतं. पहिल्या बैठकीला पंधरा-सोळा जण आले, टिकले नऊ. बारावीपासून पहिल्या नोकरीपर्यंतचे. आपल्याकडे बोलणाऱ्या मुलांचा तोटा नाही. युवा संसदेचं बक्षीस आणणारी दोन मुलं तिसऱ्या बैठकीनंतर दिसली नाहीत. उरलेल्यांत एक सिव्हिल डिप्लोमाचा मुलगा होता, एक बीकॉमची मुलगी होती आणि बारावीतला एक फारसं न बोलणारा मुलगा. पुढचं बहुतेक काम या तिघांनी ओढलं.

सुरुवात ‘हे काम कुणाचं?’ या प्रश्नाने केली. मुलांच्या डोक्यात उत्तर एकच होतं: पार्षद, म्हणजे नगरसेवक. खांबावरचा दिवा, तुंबलेलं चेंबर, नर्मदेचं पाणी, कुत्री, विजेची तार, सगळं पार्षद भियांकडे. फळ्यावर एकेक काम लिहून ते कुणाकडे जातं हे शोधायला लावलं. वीज वितरण कंपनी निराळी, विकास प्राधिकरण निराळं. कॉलनी निगमकडे, म्हणजे महापालिकेकडे, हस्तांतरित झाली आहे की नाही यावर अर्ध्या गोष्टी अवलंबून. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत शहराच्या कारभाराचे 18 विषय आहेत, ते वाचले. तीन लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी वॉर्ड समित्यांची तरतूद 243-एस कलमात आहे, तीही वाचली. हे सगळं मुलांनी परीक्षेसारखं ऐकलं. जान आली ती एकाच वाक्याला. निगमची निवडणूक लढवायला वय 21 पुरतं म्हटल्यावर बीकॉमची मुलगी म्हणाली, “ताई, म्हणजे पुढच्या वेळी मी उभी राहू शकते?” सगळे हसले. ती हसली नाही.

त्याच बैठकीत त्यांना पॅट्रिक गेडिस सांगितला. 1917-18 च्या सुमारास होळकर दरबाराने या स्कॉटिश नगररचनाकाराला शहरासाठी बोलावलं होतं. शहरात प्लेगची भीती होती. गेडिसने दिवाळीत मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं की जे रस्ते लोक सर्वांत नीट साफ करून, डागडुजी करून ठेवतील, त्या रस्त्यांनी मिरवणूक जाईल. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचं सोंग होतं, आणि सफाई कामगार हार घालून मानाने चालले होते. शंभर वर्षांपूर्वी याच शहरात लोकसहभाग म्हणजे काय याचा हा एवढा नेमका प्रयोग होऊन गेला, आणि शाळेत कुणी सांगत नाही. डिप्लोमावाल्याने लगेच विचारलं, “मग विसर्जनाची मिरवणूक बॅकलेनमधून काढू या का?” ती कल्पना तिथेच राहिली, पण काम म्हणून बॅकलेन निवडली गेली ती या चर्चेतून.

तक्रार करणं मुलांना शिकवावं लागलं नाही. निगमच्या 311 ॲपवर फोटो टाकला, कुणी 181 ला फोन लावला. मुख्यमंत्री हेल्पलाइनची तक्रार खालच्या अधिकाऱ्यापासून वरच्यापर्यंत, एल-1 पासून एल-4 पर्यंत, कशी चढते हे त्यांच्यातल्या दोघांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. निगमच्या कामगारांची गँग आली, खचलेले ब्लॉक उचलले, खाली रेती टाकली, परत बसवले. तक्रार समाधानाने बंद झाली. महिन्याभरात ब्लॉक पुन्हा खचले. पुन्हा तक्रार, पुन्हा गँग, पुन्हा बंद. दोन्ही वेळा काम खरंच झालं होतं, बंद करणाऱ्याने खोटं काही लिहिलं नव्हतं. आणि गल्ली जिथल्या तिथे.

तरुणांसाठीची बहुतेक प्रशिक्षणं या टप्प्यावर संपतात. ॲप शिकवलं, नंबर दिला, सेल्फी काढली. तक्रारीची सोय चांगलीच आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण तक्रारीला उत्तर मिळतं ते ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ एवढंच. ब्लॉक का खचतात, पैसे कशाचे दिले गेले, पुन्हा खर्च झाला तर कुणाच्या खिशातून, यातलं काहीही त्या खिडकीतून दिसत नाही. त्यासाठी कागद लागतो.

माहितीच्या अधिकाराचा पहिला मसुदा मुलांनी एका दमात लिहिला. अर्ज हिंदीत होता. 2005 च्या कायद्याप्रमाणे तो इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, आणि इथे मराठी त्यात बसत नाही. त्यांच्या पहिल्या मसुद्याचा आशय मराठीत असा:

‘आमच्या गल्लीतील ब्लॉक इतक्या लवकर का खचले? याला जबाबदार कोण? दोषींवर काय कारवाई केली?’

राग खरा, पण अर्ज पोकळ. हा कायदा दप्तरात असलेली माहिती देतो. ‘का’ या प्रश्नाचं उत्तर बसून तयार करून देण्याचं बंधन अधिकाऱ्यावर नाही. तीन संध्याकाळी याच मसुद्यावर गेल्या. शेवटी जो अर्ज गेला त्यात एकही प्रश्नचिन्ह नव्हतं: या कामाचा कार्यादेश, अंदाजपत्रक आणि नकाशा, मेजरमेंट बुकातली संबंधित पानं, अंतिम बिल, ठेकेदाराच्या गारंटी पीरियडची अट, आणि कलम 2(जे) खाली कामाची पाहणी करू देण्याची विनंती. माहिती कशाला हवी हे लिहायचं नाही, कलम 6(2) प्रमाणे ते विचारताही येत नाही. हे कळल्यावर बारावीतला मुलगा म्हणाला, “म्हणजे रागही लिहायचा नाही.” अर्जावर सही बीकॉमच्या मुलीची. दहा रुपये फी. तीस दिवसांच्या मुदतीत कागद मिळाले.

त्या कागदांत महत्त्वाचा होता तो एमबी, मेजरमेंट बुक. सरकारी बांधकामाचा खरा ग्रंथ हाच. उपयंत्री, म्हणजे कामावरचा इंजिनियर, जागेवर मोजतो, लांबी-रुंदी-जाडी लिहितो, सहायक यंत्री तपासतो, आणि त्या आकड्यांवर ठेकेदाराचं बिल निघतं. पेपरात येतं ते टेंडर आणि उद्घाटन. एमबीचं पान कुणी पाहत नाही. मुलांनी ती पानं जमिनीवर पसरली, मीटरची टेप घेतली आणि गल्ली मोजायला गेली. लांबी जुळली. रुंदी दोन ठिकाणी कमी भरली, ती का ते नंतर कळलं. ब्लॉकची जाडी कागदावर 60 मिलिमीटर, उपटून पाहिलेल्या ब्लॉकचीही तेवढीच.

जुळलं नाही ते जाळ्यांचं. पावसाचं पाणी आत जावं म्हणून तीन लोखंडी जाळ्या बसवल्याची नोंद होती, पैसेही दिलेले होते. गल्लीत जाळ्या दोनच.

त्या रात्री व्हॉट्सॲपवर काय झालं असेल हे सांगायला नको. एकाने लाल अक्षरांत पोस्टर करून ठेवलं: ‘जाळी कुणी खाल्ली?’ वसाहतीच्या ग्रुपवर टाकायचं फक्त बाकी होतं. डिप्लोमावाल्याने अडवलं. नकाशावर तिसरी जाळी कुठे आहे ते आधी मोजू, म्हणाला. पहाटे जाऊन त्याने चौथ्या घराच्या कोपऱ्यापासून टेप लावली. टेपचं टोक एका घराच्या मागच्या ओट्याला टेकलं. जाळी चोरीला गेली नव्हती. तिच्यावर ओटा बांधला होता, कपडे धुण्यासाठी. रुंदी कमी भरण्याचं कारणही हेच ओटे.

पोस्टर बाहेर गेलं असतं तर? अध्यक्ष काका म्हणाले असते, “बघा, सांगत होतो.” ठेकेदार निर्दोष असून बदनाम झाला असता, आणि पुढची पाच वर्षं या मुलांच्या कागदाकडे कुणी वळून पाहिलं नसतं. लेखी नोंद आणि जागा, दोन्ही पाहिल्याशिवाय बोलायचं नाही, हा नियम मुलांनी त्या दिवशी स्वतःच भिंतीवर चिकटवला. मी सांगून तो चिकटला नसता.

पण ओट्यामुळे ब्लॉक खचत नाहीत. खचण्याचं कारण शोधताना मुलांनी पावसाचा हिशेब मांडला, उताराचा मांडला, एकाने मातीचाही. उत्तर देणारी व्यक्ती रोज सकाळी त्यांच्यासमोर झाडू मारत होती. सफाईमित्र बाईंना कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं तेव्हा त्या झाडू न थांबवता म्हणाल्या, “ये पानी बारिश का नहीं है बेटा, ये तो बारह महीने का है.” फेब्रुवारी होता. मुलांनी एक ब्लॉक उचलला. खालची रेती ओली चिंब, आणि साबणाचा वास.

मग नीळ आणली, कपड्यांना घालतात ती. घरोघर सांगून, परवानगी घेऊन, स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये पाण्यात कालवून ओतली. एका वेळी एकच घर. दोघं आत, दोघं गल्लीत उचललेल्या ब्लॉकपाशी उकिडवे बसलेले. पहिल्या दोन घरांचं पाणी कुठे दिसलं नाही, म्हणजे ते ड्रेनेजच्या चेंबरमध्ये नीट जात होतं. तिसऱ्या घराची नीळ काही मिनिटांत रेतीतून झिरपून वर आली, फिकट, पण निळी. अशी चार घरं निघाली. चारही घरांनी मागचं एमओएस, म्हणजे बांधकाम न करता मोकळी ठेवायची जागा, झाकून तिथे स्वयंपाकघर वाढवलं होतं. ड्रेनेजचं चेंबर पलीकडच्या बाजूला, तिथवर पाइप न्यायला खर्च. पावसाच्या पाण्याची लाइन अगदी पायाशी. प्लंबरने सोय पाहिली. लाइनचे सांधे अशा रोजच्या पाण्यासाठी नव्हतेच. पाणी झिरपलं, रेती वाहून गेली, ब्लॉक खचले. इंदूर ऑगस्ट 2021 मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरलं ते नाल्यांत पडणारं सांडपाणी वळवून ड्रेनेजला जोडल्यामुळे. आणि इथे चार बेसिनं उलट्या दिशेने चालली होती.

चारांपैकी एक घर मंडळाच्या कोषाध्यक्षांचं. एक बारावीतल्या मुलाचं स्वतःचं.

यानंतरचे पंधरा दिवस हे या प्रकरणाचं खरं प्रशिक्षण, आणि त्याचा कुठल्याही शिबिराच्या वेळापत्रकात रकाना नसतो. निगमला प्रश्न विचारताना मुलं वाघ होती. आता प्रश्न शेजाऱ्याला विचारायचा होता, ज्यांच्याकडे लहानपणी किल्ली ठेवून शाळेत गेलो त्यांना. अध्यक्ष काकांनी बोलावून सांगितलं, “मंडळ माणसांवर चालतं रे. पार्षद मांडवाला मदत करतात, कोषाध्यक्ष वीस वर्षं हिशेब बघतात. तुम्ही दोघांनाही एकाच कागदावर आणणार?” त्यांचं म्हणणं मला टाकाऊ वाटत नाही. परक्या राज्यात भाषा धरून राहिलेलं मंडळ तुटायला वेळ लागत नाही, आणि ते ज्यांनी सांभाळलं त्यांना ही भीती असणारच. मात्र याच भीतीपोटी आपल्या मंडळांत कुणी कुणाला हिशेब विचारत नाही, हेही तितकंच खरं.

मुलांत दोन तट पडले. एक म्हणे नावं जाहीर करा, निगमच्या अधिकाऱ्याचं पद लिहितो तर घराचा नंबर का नाही? दुसरा म्हणे नकाशा काढून टाका, फक्त ‘काही घरं’ लिहा. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून गावोगाव घेतलेल्या जनसुनवाया मी त्यांना सांगितल्या. सरकारी कामावरच्या मजुरांचा हजेरीपट मोठ्याने वाचायचा आणि ज्याचं नाव आलं त्याला तिथेच बोलू द्यायचं. त्यातलं दुसरं अर्ध मुलांनी उचललं. ठरलं असं: अहवाल आधी त्या चार घरी न्यायचा, नीळ कधी आणि कुठे दिसली ते दाखवायचं, त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचं आणि निष्कर्षाशेजारी तेवढ्याच अक्षरांत छापायचं. घराचा नंबर राहील, नाव नाही.

कोषाध्यक्षांच्या घरी बीकॉमची मुलगी गेली. काकूंनी चहा दिला, कागद वाचला आणि म्हणाल्या, “अगं, ही पावसाची लाइन आहे हे आम्हाला सांगितलं कुणी? प्लंबर म्हणाला जोडतो, आम्ही म्हटलं जोड.” हे उत्तर अहवालात जसंच्या तसं आहे, आणि ते फेटाळण्यासारखं नाही. काम चालू असताना गल्लीच्या तोंडाशी नकाशा लावला असता तर निदान दोन घरांनी विचारून जोडलं असतं. माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी असं कायद्याचं कलम 4 म्हणतं; अर्ज करून मिळवलेला नकाशा हा त्या अर्थी उशिरा मिळालेला नकाशाच. बारावीतल्या मुलाच्या वडिलांनी मात्र चहा वगैरे काही नाही, सरळ विचारलं, “घरातच सीआयडी?” मुलाने आपल्या घराच्या रकान्यात उत्तर लिहिलं: ‘घरमालकांनी उत्तर दिलं नाही.’ चार दिवसांनी वडिलांनी स्वतः येऊन ते खोडायला लावलं आणि ‘जोडणी बदलून घेऊ’ असं लिहून सही केली.

सभा मंडळाच्या हॉलमध्ये झाली. पार्षद आले, निगमच्या झोन कार्यालयाचे उपयंत्रीही आले. वाचन त्याच क्रमाने झालं: आधी कार्यादेश, मग एमबी, मग काय जुळलं आणि काय नाही, मग नीळ, मग घरांची उत्तरं. आवाज चढला तो फक्त ओट्यावरून. पार्षदांची एक तक्रार रास्त होती, “बेटा, मला आधी दाखवलं असतं तर?” त्यांनी लगेच सांगितलं की गल्ली नव्याने करण्याचं काम यादीत घालतो. टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर बीकॉमची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “काका, आत्ता करू नका. आधी चार जोडण्या बदलू द्या, नाहीतर पुढच्या वर्षी परत हेच.” आमच्या गल्लीवर खर्च करू नका, असं नागरिकाने सांगितलेलं तिथे कुणी ऐकलं नसावं. उपयंत्र्यांनी मान वर करून पहिल्यांदा नीट तिच्याकडे पाहिलं आणि चेंबरपर्यंत पाइपचा उतार किती ठेवावा लागेल ते नकाशावर पेन्सिलने काढून दिलं.

चारपैकी तीन जोडण्या बदलल्या. चौथं घर भाड्याने दिलेलं आहे, मालक पुण्याला, फोनवर ‘बघतो’ म्हणतात. ओटा आहे तिथेच आहे. ते अतिक्रमण काढायचं की जाळी सरकवायची, यावर झोनमध्ये अर्ज पडलेला आहे आणि मुलं अधूनमधून मंगळवारच्या सरकारी जनसुनवाईत त्याची चौकशी करतात. तीन घरांसमोरची रेती सुकली आहे. भाड्याच्या घरासमोर अजून ओल आहे.

मूळच्या नऊ जणांतले दोघं नोकरीसाठी बाहेर गेले, चार नवे आले. नव्यांना पहिलं काम दिलं ते शेजारच्या गल्लीचा एमबी मागवण्याचं. पण खरा वाद निघाला मंडळाच्या वार्षिक सभेत. बीकॉमच्या मुलीने, आता तीही कार्यकारिणीत आहे, गणेशोत्सवाच्या जमाखर्चाला मंजुरी देण्याआधी मांडवाच्या आणि लाउडस्पीकरच्या बिलांच्या प्रती मागितल्या. अध्यक्ष काकांचा चेहरा उतरला. कोषाध्यक्ष उठून घरी गेले आणि फाइल घेऊन आले. दोन बिलं तीत नव्हती. ती बिलं आता कोषाध्यक्षच शोधतायत, आणि मंजुरी पुढच्या सभेवर गेली आहे.